खुर्ची कुणाची, दार कोणतं: वाशीच्या विभागीय मंडळाच्या सदस्यांचा तक्ता करताना

हे प्रकरण अभ्यासवर्गासाठी बेतलेलं आहे. त्यातली माणसं आणि त्यांचे अर्ज कल्पित आहेत. कायदे, निकाल, शुल्क आणि मुदती मात्र खऱ्या आहेत, तेव्हा कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर पायऱ्या जशाच्या तशा वापरता येतील.

तक्त्याचं निमित्त

दहावीच्या भाषा विषयांत ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण अंतर्गत असतात. दिवसाच्या शाळेतल्या मुलाला हे वीस गुण म्हणजे वर्गातच उरकणारी गोष्ट. दिवसा काम करून रात्रशाळेत येणाऱ्याला, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी बसणाऱ्याला तसं नसतं. खासगी विद्यार्थ्याला संपर्क केंद्राच्या शाळेत जाऊन तोंडी द्यावी लागते आणि ती बहुधा कामाच्या वेळेत असते. एक दिवसाचा रोज बुडतो, नाहीतर गुण बुडतात.

ठाण्यातल्या सहा जणांनी यावर निवेदन द्यायचं ठरवलं. रात्रशाळेतले दोन शिक्षक, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि कळवा, वागळे इस्टेट, घणसोली इथले तीन पालक. मागण्या दोनच होत्या: तोंडीची तारीख पंधरा दिवस आधी लेखी कळावी आणि खासगी विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळची एक तुकडी असावी. बोलता बोलता एका शिक्षकाने शंका काढली. मंडळावर रात्रशाळेत शिकवलेला एकही माणूस नसेल, म्हणून हे कुणाला सुचत नसेल. शंका सगळ्यांना पटली. मग निवेदन बाजूला राहिलं आणि वाशीच्या मंडळावर बसलेल्यांची पार्श्वभूमी शोधायचं काम सुरू झालं.

शंका रास्त होती. मुंबई विभागीय मंडळाच्या पोटात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड असे पाच जिल्हे येतात. नाव मुंबईचं, पण कार्यालय ठाणे जिल्ह्यातल्या वाशीला. कुलाब्याची इंग्रजी माध्यमाची शाळा, भिवंडीची उर्दू शाळा, मोखाड्याची आश्रमशाळा आणि पोलादपूरची गावची शाळा, सगळ्यांचे पेपर याच विभागाखाली. तेव्हा टेबलाभोवती कोण बसतं, ते कुठून आलेत, हा प्रश्न चौकसपणाचा म्हणून सोडून देता येत नाही.

पार्श्वभूमीला कायद्यात वजन का आहे

राज्य मंडळाची स्थापना १९६५च्या कायद्याने झाली आणि १ जानेवारी १९६६ला पुण्यात काम सुरू झालं. आज त्याखाली नऊ विभागीय मंडळं आहेत. मंडळाच्या १९७७च्या विनियमांतला १०४ क्रमांकाचा विनियम एकेकाळी फार गाजला. निकालानंतर गुणांची पडताळणी मागता येईल, म्हणजे बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का हे पाहता येईल, पण उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकनाची बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४मध्ये तो निकाल फिरवून बंदी वैध ठरवली.

या निकालातला एक युक्तिवाद या प्रकरणाला थेट लागू पडतो. शिक्षणसंस्थांचा रोजचा कारभार जवळून पाहिलेल्या, त्यातलं तंत्र जाणणाऱ्या मंडळींनी जे धोरण ठरवलं, त्याच्या जागी न्यायालयाने आपलं मत बसवायला फार कचरावं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे न्यायालय मागे सरतं ते मंडळावर जाणती माणसं आहेत हे गृहीत धरून. मग ती खरंच कोणत्या जाणतेपणाची आहेत, हे विचारायचा हक्क पालकाला असायलाच हवा. (पुढे मंडळाने स्वतःच उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन दोन्ही सुरू केलं. आता आधी छायाप्रत घ्यायची आणि ती हाती पडल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, असा क्रम आहे.)

पहिला अर्ज आणि तो का फसला

गटाने माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहिला तो रागाच्या भरात. अकरा प्रश्न, अडीच पानं. सदस्यांचं वय, शिक्षण, पदवी प्रमाणपत्रांच्या प्रती, राजकीय पक्ष, मोबाईल क्रमांक, मालमत्ता, आणि शेवटी ‘रात्रशाळांचा प्रतिनिधी का नेमला नाही?’

असा अर्ज चार ठिकाणी अडकतो.

पहिली अडचण लांबीची. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांपर्यंतचा असावा लागतो. अडीच पानी अर्जातला पहिला विषय घेऊन बाकीचं परत करायला तेवढं कारण पुरतं.

दुसरी ‘का’ या शब्दाची. माहिती म्हणजे अभिलेखात जे आहे ते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८मध्ये स्पष्ट केलं की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. ‘का’ऐवजी ‘त्या निर्णयाच्या टिप्पणीची प्रत’ मागितली तर तोच मुद्दा कागदावर येतो, कारण नस्तीवरचे शेरे माहितीत मोडतात.

तिसरी खासगीपणाची, आणि इथे अलीकडे जमीनच सरकली आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ)खाली वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहावं लागे. तेव्हाही २०१२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या सेवा नोंदी आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिकच मानला होता. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी आखूड केलं. नोव्हेंबर २०२५पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या कारणावर नकार देता येतो. कलम ८(२)मधली व्यापक सार्वजनिक हिताची वाट उघडी आहे, पण सार्वजनिक हित आहे हे अर्जदाराला पटवून द्यावं लागतं. पदवी प्रमाणपत्राच्या प्रतीसाठी त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. शिवाय असली माहिती त्रयस्थाची ठरली तर कलम ११खाली त्या सदस्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं मागवलं जातं आणि आठवडे निघून जातात.

चौथी अडचण सगळ्यात साधी: कार्यालय चुकलं. सदस्यांची नावं वाशीकडे असतील, पण नेमणुकीचा निर्णय जिथे झाला तिथली टिप्पणी मंत्रालयातल्या शालेय शिक्षण विभागात असणार. राज्य मंडळाचे कागद पुण्यात. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे अर्ज पाच दिवसांत हस्तांतरित करावा असं कलम ६(३) सांगतं. पण तीन कार्यालयांत वाटलेल्या प्रश्नांचा अर्ज हस्तांतरित होता होता त्याचे तुकडे होतात आणि कोणता तुकडा कुठे गेला, याचा मेळ अर्जदारालाच लागत नाही.

दुसरा अर्ज

निवृत्त मुख्याध्यापकांनी सूत्रं हाती घेतली. शाळा चालवलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं की कार्यालयाकडून हवं ते मिळवायचं तर कार्यालयाच्या कपाटात काय असतं ते आधी ओळखावं लागतं. मंडळाच्या कपाटात माणसाचा जीवनपट नसतो. तिथे नेमणुकीचा आदेश असतो, हजेरीची सही असते आणि इतिवृत्त असतं. दुसरा अर्ज या तीन कागदांभोवती बांधला:

‘विषय: मुंबई विभागीय मंडळाच्या सदस्यांच्या नेमणुका व बैठका. कालावधी: १ जानेवारी २०२३ ते अर्जाची तारीख. १) सध्याच्या प्रत्येक सदस्याचे नाव, कायद्यातील ज्या तरतुदीखाली ते सदस्य आहेत ती तरतूद, आणि मुदत संपण्याची तारीख दाखवणारी यादी. २) अशासकीय सदस्यांच्या नेमणुकीच्या आदेशांच्या अथवा अधिसूचनांच्या प्रती. ३) रिक्त जागा व त्या केव्हापासून रिक्त आहेत हे दाखवणारा अभिलेख. ४) या कालावधीतील बैठकांच्या उपस्थितीपत्रकांच्या प्रती. ५) त्याच बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती.’

शंभर शब्दांच्या आत, एकच विषय, आणि मागितलेला प्रत्येक तुकडा पदाशी जोडलेला. बैठकीला सदस्य म्हणून केलेली सही खासगी म्हणणं अवघड आहे. कलम ४(१)(ख) तर कार्यालयाने आपल्या मंडळांची आणि समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्तं पाहायला मिळतात का, हे न मागता जाहीर करावं असं सांगतं. म्हणून अर्जाआधी संकेतस्थळ चाळणं ही शून्यावी पायरी. तिथे जे मिळालं ते अर्जातून वगळायचं आणि ‘संकेतस्थळावर अमुक तारखेला पाहिले, पुढील माहिती आढळली नाही’ असं एक वाक्य घालायचं. पुढे अपिलात ते उपयोगी पडतं.

अर्जाला दहा रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावायचा तर ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर मिळतो. ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज जातो, मात्र तिथे कार्यालय निवडताना वाशी आणि पुणे यांत घोळ करू नये. प्रतींना पानामागे दोन रुपये. चौऱ्याऐंशी पानं निघाली तर एकशे अडुसष्ट रुपये. एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: कार्यालयाने शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत मोजले जात नाहीत. पत्र आलं की त्याच दिवशी पैसे भरावेत. इतिवृत्तं जाडजूड असतील तर प्रतींऐवजी आधी पाहणी मागावी. पहिला तास मोफत असतो, आणि हवी ती दहा पानं ओळखून तेवढ्याच प्रती घेता येतात.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. वाशीहून हार्बर लाइनने काही स्टेशनं. अंतर कमी असलं तरी तिथली रांग लांब असते, तेव्हा पहिला अर्ज नेमका लिहिण्यात घालवलेली एक संध्याकाळ तिथली कित्येक महिन्यांची वाट वाचवते.

तक्ता कसा आखला

गटाने आधी नावांचा तक्ता केला होता. मुख्याध्यापकांनी तो उलटवून जागांचा केला. शिक्षणाच्या वैधानिक संस्थांवर माणसं तीन दारांनी येतात: पदामुळे, निवडून, किंवा शासनाने नेमून. पदसिद्ध सदस्य बदलीबरोबर बदलतो. त्याची पार्श्वभूमी म्हणजे त्याच्या सेवेची पार्श्वभूमी, आणि ती पुढच्या माणसाचीही जवळपास तीच असते. निवडून आलेल्याच्या मागे मतदार असतात. नेमलेल्याच्या मागे फक्त एक आदेश असतो. तेव्हा ‘कोण’च्या आधी ‘कोणत्या दाराने’ हा रकाना हवा.

निवडणुकीच्या दाराबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे: शिक्षकांनी निवडलेला माणूस स्वतः शिक्षकच असणार. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. मतदार व्हायला गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवलेलं असावं लागतं. पण ही अट मतदाराची, उमेदवाराची नव्हे. पदवीधर मतदारसंघाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्येच सांगितलं की निवडून येणारा स्वतः पदवीधर असायलाच हवा असं नाही. कुणी कुणाला निवडलं यावरून निवडलेल्याची पार्श्वभूमी ओळखू येत नाही.

याचं टोक पाहायचं तर टेक्सासकडे पाहावं. तिथल्या राज्य शिक्षण मंडळाचे पंधराही सदस्य आपापल्या मतदारसंघातून निवडून येतात, मुदत चार वर्षं, आणि त्यांच्यातून अध्यक्ष राज्यपाल नेमतो. २००७ ते २००९ या काळात अध्यक्ष होते डॉन मॅकलरॉय, व्यवसायाने दंतवैद्य. त्याच काळात विज्ञानाच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती कशी शिकवायची यावर मोठा वाद झाला. २००९मध्ये सेनेटने त्यांचं अध्यक्षपद मान्य केलं नाही, आणि पुढच्या वर्षी ते पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले. तिथे सदस्याचा व्यवसाय आणि मतं प्रचारातच लोकांसमोर येतात. आपल्याकडे अध्यक्ष शिक्षण सेवेतून येतो. गंगाधर म्हमाणे, शकुंतला काळे, शरद गोसावी हे राज्य मंडळाचे अध्यक्ष शिक्षण खात्याचेच अधिकारी. दंतवैद्य अध्यक्ष होण्याची भीती नाही, पण त्या खुर्चीला मतदारही नाही. कोणती रीत बरी, यावर गटात तासभर वाद झाला. तो वाद या तक्त्याला लागणारा नव्हता.

शेवटी रकाने ठरले: जागा, दार, आदेशाचा क्रमांक व तारीख, मुदत, सध्याचं पद, जिल्हा, शाळेचं माध्यम, बैठकांना हजेरी, आणि एक रकाना शिक्षकांच्या आग्रहाखातर, ‘वर्गावर शेवटचं कधी शिकवलं’.

तक्ता वाचताना फसवणारी ठिकाणं

समजा तक्त्यात दहा जागा आहेत. आकडे फक्त उदाहरणासाठी. चार पदसिद्ध, चार नेमलेल्या, दोन रिक्त. नेमलेल्यांत दोन मुख्याध्यापक. ‘मंडळावर मुख्याध्यापक वीस टक्के’ हे विधान दहा जागांवर खरं. भरलेल्या आठ जागांवर तेच पंचवीस टक्के. आणि बैठकीला पाचच जण आले, त्यांत दोघे मुख्याध्यापक असतील तर चाळीस टक्के. तिन्ही आकडे बरोबर, तिन्हींतून वेगळी बातमी होते. कोणत्या छेदाने भागलं ते लिहिलं नाही तर आकडा कामाचा नाही.

अतिरिक्त कार्यभार हे दुसरं ठिकाण. एका अधिकाऱ्याकडे दोन पदं असतील तर दोन जागा भरलेल्या दिसतात, माणूस मात्र एक. २०२१च्या निकालांच्या वेळी राज्य मंडळाचं अध्यक्षपदही अतिरिक्त कार्यभारावरच होतं. तक्त्यात अशा जागेपुढे खूण करावी, नाहीतर बेरीज फुगते.

‘शिक्षणतज्ज्ञ’ हा शब्द तर पोकळच. आदेशात तो लिहिलेला असला तरी त्याला ठरलेली व्याख्या नाही. निवृत्त प्राचार्य, संस्थाचालक, क्लासचे मालक, सगळे त्यात मावतात. तो शब्द दिसला की सध्याचं पद हा रकाना पाहावा. तसंच मुख्याध्यापक हा त्याच संस्थेच्या विश्वस्तांपैकी असू शकतो. मग त्याला शिक्षकांचा माणूस म्हणायचं की संस्थेचा? गटाने दोन्ही लिहायचं ठरवलं, तेच योग्य.

‘वर्गावर शेवटचं कधी’ हा रकाना कोणत्याच कागदातून भरत नाही. शिक्षण सेवेतले बरेच अधिकारी मुळात शिक्षक असतात, पण आदेशावर ते लिहिलेलं नसतं. सदस्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं असेल तेवढंच भरायचं. बाकीची घरं रिकामी ठेवायची. इथे शिक्षकांचा हात शिवशिवत होता. रिकाम्या घरात ‘कधीच नाही’ लिहिलं की शंका सिद्ध होते. रिकामं घर म्हणजे ‘नोंद नाही’, ‘नाही’ नव्हे. हा फरक पुसला तर तक्त्याचं पत्रक होतं.

आणखी एक थर या तक्त्यात येऊच शकत नाही. प्रश्नपत्रिका काढणारे, नियामक आणि परीक्षक, म्हणजे ज्यांची पार्श्वभूमी मुलाच्या गुणांना सगळ्यात जवळून भिडते, त्यांची नावं मागून मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, पण परीक्षकाची ओळख झाकूनच. ते बरोबरही आहे. निकालाच्या हंगामात कुणाच्या दारात कोण उभं राहील, याचा नेम नसतो.

इतिवृत्तांनी जे दाखवलं

गटाने तक्ता भरला आणि मग, जरा उशिराच, इतिवृत्तं वाचायला घेतली. विभागीय मंडळाचं काम बहुतांश परीक्षा घेण्याचं: केंद्रं, परीरक्षक, केंद्रसंचालक, भरारी पथकं, गैरमार्गाची प्रकरणं, निकाल. वीस गुण असावेत की नसावेत, हे वाशीला ठरत नाही. अभ्यासक्रम, मूल्यमापनाची योजना हे विषय पुण्याचे आणि त्यावर शासनाची मोहोर. २०१८-१९ला भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा मार्च २०१९चा राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. ओरड झाली, शासनाने समिती नेमली आणि २०१९-२०पासून ८०-२० परत आलं. गुण काढण्याचा निर्णय वाशीचा नव्हता, परत आणण्याचाही नव्हता.

मग तक्ता वाया गेला का? अर्धा. योजनेचा निर्णय घेणाऱ्या खुर्च्या पुण्यात होत्या आणि तक्ता वाशीचा झाला होता. पण गटाच्या मूळ मागण्या पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं की त्या योजनेबद्दल नव्हत्याच. तारीख आधी कळवणं आणि संध्याकाळची तुकडी, या अंमलबजावणीच्या गोष्टी. त्या वाशीपुढेच मांडायच्या. ‘रात्रशाळेचा प्रतिनिधी नेमा’ ही नवी मागणी मात्र वाशीला उद्देशून लिहिण्यात अर्थ नव्हता. नेमणूक शासन करतं, ते पत्र मंत्रालयात शालेय शिक्षण विभागाला आणि प्रत पुण्याला.

एका निवेदनाची दोन पत्रं झाली. वाशीच्या पत्राला तक्ता जोडलाच नाही. त्याऐवजी जोडली ती खासगी विद्यार्थ्यांना तोंडीच्या तारखा प्रत्यक्षात किती दिवस आधी कळल्या त्याची यादी, तारीखवार, नावं वगळून. मंत्रालयाच्या पत्राला तक्ता जोडला, रिकामी घरं रिकामीच ठेवून, आणि खाली एक ओळ: ‘शेवटच्या रकान्यातील माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. नेमणुकीच्या आदेशात अध्यापनाचा अनुभव नमूद करण्याची तरतूद करावी.’